अटक तारेनं, सुटका हमदस्त

कोर्टात रोज वावरणाऱ्यांच्या तोंडी एक जुना शब्द अजून टिकून आहे: हमदस्त. नोटीस बेलिफाकडून जायची वाट न बघता पक्षकारानं ती स्वतःच नेऊन पोचवायची, म्हणजे हमदस्त. तसा अर्ज द्यायचा, साहेब परवानगी देतात, आणि पक्षकार पाकीट पिशवीत घालून एसटी पकडतो. दिवाणी कामात ही एक सोय आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस तुरुंगातून सुटायचा असतो तेव्हाही सगळं हमदस्तच चालतं, आणि ते सोय म्हणून नव्हे, दुसरा भरवशाचा मार्ग नाही म्हणून. तक्रार तिथं आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चोरीच्या गुन्ह्यातला माझा एक अशील, त्याला ज्ञानोबा म्हणू. जामीन शुक्रवारी दुपारी झाला. चुलता सातबारा आणि सॉल्व्हन्सीचा दाखला घेऊन सकाळपासून कोर्टाच्या पायरीवर बसून होता, त्यामुळे मुचलकाही त्याच दिवशी झाला. हे भाग्य दहातल्या दोघांच्या वाट्याला येतं. कारकुनानं सुटकेचा आदेश टाइप केला, साहेबांची सही झाली, गोल शिक्का बसला. शिपाई दुसऱ्या दिवशी जाणार होता, म्हणून बंद पाकीट चुलत्याच्याच हाती दिलं. मोटारसायकलवरून तो कारागृहाच्या दारात वेळेत पोचला. गेटवरच्या अंमलदारानं कागद वाचला, रजिस्टर उघडलं, दोन्हीवरून बोट फिरवलं आणि कागद परत दिला. आदेशात नाव होतं ज्ञानेश्वर बाबूराव, रजिस्टरला होतं ज्ञानोबा बाबू. गुन्हा रजिस्टर नंबर तोच, कलम तेच, पोलीस ठाणं तेच, आडनाव आणि गावही तेच. 'दुरुस्ती करून आणा.' मधे शनिवार, रविवार. सोमवारी दुरुस्तीचा अर्ज, संध्याकाळी नवा कागद, मंगळवारी सकाळी सुटका. आमच्या भागात ज्ञानोबा, ज्ञानेश्वर आणि माउली हा एकच माणूस असतो हे त्या अंमलदारालाही माहीत होतं. तो गावचाच होता.

या कथेतला कुणीही अडाणी नव्हता की दुष्ट नव्हता. आणि तिन्ही ठिकाणी संगणक होते. पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या आणि गुन्हेगारांच्या नोंदींची सीसीटीएनएस, कोर्टात ई-कोर्ट्सची प्रणाली, कारागृहात ई-प्रिझन्स. यांत सरकारी वकिलांची ई-प्रॉसिक्यूशन आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांची ई-फॉरेन्सिक्स मिळवली की पाच खांब होतात. या पाचांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या व्यवस्थेचं नाव आयसीजेएस. तिच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. घोषणा अशी की माहिती एकदाच भरायची, मग ती सगळीकडे तशीच दिसेल. घोषणा चांगली आहे. पण ज्ञानोबाची माहिती तीन ठिकाणी तीन हातांनी भरली गेली होती, आणि त्या तीन हातांमधला दुवा शेवटी चुलत्याची मोटारसायकल हाच होता.

माझं म्हणणं असं आहे की फौजदारी यंत्रणेतली माहिती दोन वेगांनी धावते. माणसाच्या विरुद्ध जाणारी माहिती तारेनं जाते: गुन्हा दाखल झाला, अटक झाली, बोटांचे ठसे घेतले, फरार घोषित केलं. माणसाच्या बाजूची माहिती हमदस्त जाते: जामीन झाला, वॉरंट रद्द झालं, गुन्हा रद्दबातल ठरला, निर्दोष सुटला. पाच खात्यांत समन्वय हवा असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण तो समन्वय चालतो की नाही हे दुसऱ्या प्रकारची माहिती किती वेळात पोचते यावरून ठरवा. पहिल्या प्रकारच्या माहितीला वाट दाखवावी लागत नाही.

हा कल जन्मापासूनचा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, आणि पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, सीसीटीएनएसला दोन हजार कोटींची मंजुरी मिळाली. एका राज्यातला गुन्हेगार दुसऱ्या राज्याच्या ठाण्यात ओळखू यावा, ही त्यामागची निकड होती आणि ती खोटी नव्हती. पकडण्यासाठी बांधलेलं यंत्र पकडण्यात तरबेज होणारच. सोडणं हे त्याच्या मूळ आराखड्यात नंतर जोडलेलं कलम आहे, आणि ते तसंच वागतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला तो गुरुवारी, २८ तारखेला. आदेशाची प्रत शुक्रवारी हाती आली. हमीदार म्हणून जुही चावला स्वतः कोर्टात हजर. तरी ते सगळे सोपस्कार उरकेपर्यंत आर्थर रोड कारागृहाबाहेरची जामीनपेटी संध्याकाळची बंद झाली होती, आणि तो बाहेर आला शनिवारी, ३० तारखेला. त्या दोन दिवसांत अख्ख्या देशाला पहिल्यांदा कळलं की आर्थर रोडच्या भिंतीवर एक पेटी असते, तिच्यात कागद टाकायचा असतो आणि ती ठरावीक वेळेला उघडते. चॅनेलवाल्यांनी त्या पेटीचं थेट प्रक्षेपण केलं. आम्हा वकिलांना त्यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच वाटलं की ज्याच्या दिमतीला देशातले नामांकित वकील होते त्यालाही पेटी चुकली नाही. एरवी पेटी सगळ्यांना सारखी लागू असते, असं कायद्यापुढच्या समानतेचं उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्याच वर्षी जुलैत आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा जणांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. गुन्हा घडला तेव्हा ते अल्पवयीन होते, आत चौदा ते बावीस वर्षं काढून झाली होती. न्यायालयानं जामीन दिल्यावरही ते लगेच सुटले नाहीत, कारण आदेश टपालानं पोचायचा होता. सरन्यायाधीश रमणा यांनी तेव्हा कबुतरांची आठवण काढली: अजून आपण आकाशाकडे डोळे लावून कबुतर निरोप घेऊन येईल म्हणून बसलो आहोत, अशा अर्थाचं ते बोलले. त्यातून 'फास्टर' नावाची प्रणाली निघाली आणि ३१ मार्च २०२२ ला सुरू झाली. वरच्या न्यायालयाचा आदेश सुरक्षित ई-मेलनं थेट खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत. चांगलंच झालं. पण जामिनाचे बहुसंख्य आदेश होतात ते तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. दिल्लीच्या टाकीला नवा नळ बसवला म्हणून तालुक्याच्या वस्तीत पाणी येत नाही.

आणि ई-मेल म्हणजे पोच नव्हे. गुजरातमधला एक कैदी. २०२० मध्ये उच्च न्यायालयानं त्याची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. निबंधकांनी कारागृहाला ई-मेल पाठवला. तो पोचलाही. त्याला जोडलेली फाइल कारागृहातल्या माणसांना उघडता आली नाही. विषय तिथंच मिटला. आदेश सत्र न्यायालयाकडेही गेला होता. तिथूनही कुणी पाठपुरावा केला नाही. तो माणूस आणखी जवळपास तीन वर्षं आत राहिला, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. वर्षाला तेहतीस-चौतीस हजार पडले. या प्रकरणात तंत्रज्ञान कमी पडलं असं म्हणणं मला पटत नाही. फाइल उघडली नाही तर फोन करायचा असतो. तो करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

इथं खरी गाठ आहे. कारागृह अधीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. चुकीचा माणूस सोडला तर निलंबन, विभागीय चौकशी, वर्तमानपत्रात नाव. बरोबर माणूस चार दिवस जास्त ठेवला तर? काही नाही. कागदात खोट काढणं हा त्याच्या दृष्टीनं सावधपणा आहे, आणि खोटे जामीन आदेश घेऊन लोक येतात हेही खरं आहे, त्यामुळे त्याची भीती अगदीच काल्पनिक नाही. २०२५ मध्ये गाझियाबादच्या कारागृहानं एका आरोपीला सुटकेचा आदेश निघूनही जवळपास चार आठवडे सोडलं नाही. कारण काय, तर आदेशात कलमाचा उल्लेख होता पण पोटकलमाचा नव्हता. नाव, गुन्हा, ठाणं, सगळं जुळत होतं. सर्वोच्च न्यायालय चिडलं आणि राज्याला पाच लाखांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं. ते पाच लाख तिजोरीतून गेले, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. उद्याच्या अधीक्षकाचा हिशेब त्यानं किती बदलला असेल?

म्हणून कितीही कोटींचं सॉफ्टवेअर आणलं तरी हा तराजू जोवर असा एका बाजूला झुकलेला आहे, तोवर माहिती पोचूनही पोचणार नाही. शिक्क्याची, खऱ्याखोट्याची अडचण डिजिटल सहीनं आणि थेट न्यायालयाच्या संकेतस्थळावरून पडताळणी करून सुटते; ती तांत्रिक आहे. उशिराची जबाबदारी कुणाच्या नावावर, हा प्रश्न तांत्रिक नाही.

नियम नाहीत असंही नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय: जामीन देणाऱ्या न्यायालयानं आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला ई-मेलनं पाठवायची. अधीक्षकानं जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, म्हणजे वकील किंवा स्वयंसेवक जाऊन बघेल की अडलंय कुठं. बहुतेक वेळा पैशात अडलेलं असतं. पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून वर्षभर आत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अशांसाठी केंद्राची २०२३ पासून योजना आहे, कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्याला, जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. पण या साऱ्या साखळीची पहिली कडी म्हणजे ई-प्रिझन्समधली ती तारीख. ती कुणी भरलीच नाही तर सात दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, त्याला सोडायचं. आणि तसा अर्ज न्यायालयाला करायचं काम कारागृह अधीक्षकाचं. आता अधीक्षकाला कसं कळणार की हा पहिल्यांदाच सापडलाय? दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात त्याच्यावर गुन्हा प्रलंबित नाही हे? इथं आयसीजेएस खरोखर कामाचं आहे. एक कळ दाबली की यादी यावी: अमुक बराकीत अमुक जणांचा एक तृतीयांश काळ उद्या भरतो. माझा समन्वयाला विरोध नाही हे पुन्हा सांगतो. ज्या दिवशी अशी यादी रोज सकाळी अधीक्षकाच्या टेबलावर आपोआप पडेल, त्या दिवशी मी त्या ३,३७५ कोटींचं मोकळ्या मनानं कौतुक करीन.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद मी हलका समजत नाही. माहिती न पोचल्यानं बळी जातात. इंग्लंडमध्ये २००२ साली सोहम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला. खुनी शाळेचा केअरटेकर होता, आणि त्याच्यावरचे आधीचे आरोप दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांना ठाऊक होते. नेमणुकीच्या वेळी ते पुढे आले नाहीत. चौकशी समितीनं पोलिसांच्या माहितीच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, आणि पुढे तिथं राष्ट्रीय पोलीस डेटाबेस उभा राहिला. आपल्याकडेही ज्या बाईनं नवऱ्याविरुद्ध किंवा गल्लीतल्या गुंडाविरुद्ध फिर्याद दिली, तिला तो जामिनावर सुटल्याचं कळतं ते तो दारात उभा राहतो तेव्हा. पण नीट पाहिलं तर हीही त्याच आजाराची खूण आहे. यंत्रणेतल्या खात्यांना जी माहिती स्वतःसाठी हवी ती धावते. बाहेरच्या माणसाला हवी असते, मग तो आरोपी असो की फिर्यादी, ती बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकच्या, टेबलावर पडून राहते.

रद्द वॉरंटाचं बघा. २००२ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत एका वकिलाला पोलिसांनी अजामीनपात्र वॉरंटावर अटक केली. ते वॉरंट काही दिवस आधीच कोर्टानं रद्द केलं होतं. पोलिसांपर्यंत रद्द झाल्याचा कागद पोचला नव्हता आणि वकिलाच्या खिशात त्याची प्रत नव्हती. तो स्वतः वकील, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०११ मध्ये निकाल आला: प्रत्येक न्यायालयानं वॉरंटांचं रजिस्टर ठेवायचं, वॉरंट रद्द झालं की ते न बजावता परत करा असं पोलिसांना लेखी कळवायचं, आरोपीलाही प्रत द्यायची. आजही मी माझ्या अशिलांना सांगतो, वॉरंट रद्द केल्याची नक्कल सहा महिने पाकिटात ठेवा, लग्नाला गेलात तरी. हमदस्त.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं १९२० चा कैदी ओळख कायदा बाजूला केला. बोटांचे, तळव्यांचे ठसे, बुबुळांची नोंद, छायाचित्रं, आणखी बरंच काही घ्यायचं आणि ७५ वर्षं ठेवायचं. ठेवणार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली तर नोंद नष्ट करायची, असंही कायद्यात आहे, न्यायदंडाधिकाऱ्यानं कारण लिहून वेगळं सांगितलं नाही तर. पण नष्ट करण्यासाठी राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. घेताना कुणी अर्ज मागितला नव्हता. पुसायला मात्र अर्ज. निर्दोष सुटलेला ऊसतोड कामगार नोडल अधिकारी शोधत फिरेल अशी अपेक्षा ज्यानं केली त्यानं ऊसतोड कामगार पाहिलेला नसावा. न्यायालयाच्या संगणकात 'निर्दोष' हा शब्द पडतो, तोच शब्द आपोआप दिल्लीला जाऊन ती नोंद का पुसू शकत नाही? पाच खांब एकमेकांशी बोलतातच ना?

महाराष्ट्रात याचा चटका कुणाला बसतो हे सांगायला नको. १८७१ पासून सुरू झालेल्या आणि पुढे वाढवत नेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. तो भाग अजून 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि यादी नव्या वहीत उतरली. कुठंतरी घरफोडी झाली की पहिली जीप पालावर जाते, ती त्या वहीच्या आधारावर. आता वहीची जागा डेटाबेस घेतोय, आणि डेटाबेस जीपपेक्षा लांब जातो. त्यात काळे, पवार, भोसले, चव्हाण ही आडनावं. एका तालुक्यात याच नावाचे किती काळे निघतील ते कुठल्याही ठाणे अंमलदाराला विचारा. ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर एकच आहेत हे सुटकेच्या वेळी यंत्रणेला पटत नाही. अटकेच्या वेळी दोन वेगळे काळे एकच आहेत हे मात्र चटकन पटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारागृहांतल्या जातीय भेदभावाबद्दल निकाल दिला. त्याची सुरुवात मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या बातमीदारीतून आणि याचिकेतून झाली. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना सरसकट सराईत समजू नका, असं न्यायालयानं बजावलं. तो रकाना कागदाच्या रजिस्टरमध्ये असेतो एका कारागृहापुरता होता. एकदा भरलेली माहिती सगळीकडे तशीच दिसणार असेल, तर चुकीचा रकानाही सगळीकडे दिसणार. जोडण्याच्या आधी काय जोडतोय ते बघायला हवं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घरात नवी पाइपलाइन टाकताना प्लंबरही आधी टाकी धुवायला सांगतो.

मला हवं आहे ते फार नाही. प्रत्येक कारागृहानं दर महिन्याला एकच आकडा जाहीर करावा: जामिनाचे सोपस्कार पूर्ण झाल्यापासून माणूस दाराबाहेर पडेपर्यंत सरासरी किती तास गेले, आणि सगळ्यात जास्त किती. उशीर एका दिवसावर गेला तर कारण कुणाच्या सहीनं नोंदलं, तेही त्यात यावं. पोलीस आणि कारागृहं राज्याच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे यासाठी दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेल. नावात किरकोळ फरक असेल आणि गुन्हा क्रमांक, ठाणं, कलम जुळत असेल, तर खात्री करून घेण्याचं काम कारागृहाचं, ते चुलत्याच्या मोटारसायकलवर ढकलता येणार नाही, एवढं एक वाक्य त्यात घाला.

त्या शुक्रवारी चुलता कारागृहाच्या दारातून परत आला तेव्हा ज्ञानोबाची आई समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसली होती. पिशवीत धुतलेला शर्ट होता, आणि एका फडक्यात भाकरी. 'काय म्हणले?' तिनं विचारलं. चुलत्यानं कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. 'नाव चुकलंय म्हणत्यात,' तो म्हणाला. तिनं रागानं विचारलं, 'कुणाचं?'